बोट काळं पडण्याआधी बिडी विझवा

ऊसतोडीला गेलेल्या माणसाची बोटं पहाटेच्या फडात गार पडतातच. पण काहींची आधी पांढरीफटक, मग निळी होतात आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात. थंडीने बारीक रक्तवाहिन्या आवळतात म्हणून हे होतं. फ्रान्सच्या मोरिस रेनो या डॉक्टरांनी १८६२ साली याचं वर्णन केलं, म्हणून नाव रेनो. हा त्रास बायकांत जास्त. बहुतेकांना हातपाय उबदार ठेवले की भागतं. नाही भागलं तर डॉक्टर रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी देतात.

आम्हाला बोलायचंय ते बर्गर या दुसऱ्या, घातक आजाराबद्दल. बीडमधून फडावर जाणाऱ्या तरण्या गड्यांनी तो ओळखायला हवा. तो होतो तंबाखूने, बहुतेक पंचेचाळिशीच्या आत. हातापायाच्या रक्तवाहिन्या सुजतात, आत गुठळ्या होतात, रक्त बोटापर्यंत पोचत नाही. चालताना तळपाय किंवा पोटरी दुखते, थांबलं की राहते. पुढे रात्री झोपेतही बोट ठणकतं, पाय खाटेखाली सोडला की जरा बरं वाटतं. लोक याला वात म्हणतात आणि बिब्बा लावतात. मग जखम होते, ती भरत नाही, बोट काळं पडतं.

उपचारातला मुख्य भाग फुकट आहे: तंबाखू पूर्ण बंद. दिवसाला एक-दोन बिड्यांनीही आजार चालूच राहतो. चघळायची तंबाखूही सोडायची. बोट काळं पडण्याआधी ज्यांनी सोडली, त्यातल्या बहुतेकांचे पाय वाचतात. गोळ्या, ऑपरेशन हे त्यानंतरचं. बिडी चालू असेल तर त्यांचा उपयोग टिकत नाही. आपल्या वस्त्यांत दारू सोडलेली माणसं पुष्कळ भेटतात, बिडीला मात्र व्यसन कुणी म्हणतच नाही!

बधिर पाय शेकोटीवर धरू नका, भाजलेलं कळत नाही. कुरूप ब्लेडने कापू नका. मोजे, बूट घाला. खाड्याच्या भीतीने हंगाम संपायची वाट पाहू नका. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात पायाची नाडी आणि साखर तपासून घ्या, कारण मधुमेहानेही बोटं जातात. गावी असाल तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आहे. ऑपरेशन सांगितलं तर ते महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे आरोग्यमित्राला विचारा. बिडी सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी नंबरवर मोफत सल्ला मिळतो.