पेव्हर ब्लॉकच्या वाहनमार्गाचे कडाबंधन : एक विवेचन

प्रस्तावना : घरे, कार्यालये व महाविद्यालये यांच्या आवारातील वाहनमार्गांसाठी पेव्हर ब्लॉकचा वापर सर्रास होतो. अशा मार्गाच्या कडा खचल्यास दोष बहुधा ब्लॉकच्या दर्जाला दिला जातो. वस्तुतः त्याचे मूळ अनेकदा कडाबंधनाच्या अभावात असते.

कारणमीमांसा : हे ब्लॉक सिमेंटने परस्परांना जोडलेले नसतात. सांध्यांतील बारीक वाळूच्या घर्षणामुळे एका ब्लॉकवरील भार शेजारच्या ब्लॉकवर पसरतो. वाहन वळताना वा थांबताना ब्लॉक आडवे ढकलले जातात. कडेच्या ब्लॉकला बाहेरून आधार नसल्यास तो सरकतो, सांधे रुंदावतात, पावसाच्या पाण्याबरोबर वाळू वाहून जाते आणि ही शिथिलता कडेकडून मध्याकडे सरकत जाते.

उपाययोजना : खडीचा दाबलेला पाया कडेच्या पलीकडे थोडा वाढवावा. त्यावर काँक्रीटच्या थरात कर्बस्टोन बसवून पाठीमागे काँक्रीटचा उतरता आधार द्यावा. केवळ मातीची भर पुरेशी नसते. हे काँक्रीट पक्के झाल्यावरच २० ते ४० मि.मी. वाळूचा थर पसरून ब्लॉक बसवावेत व यंत्राने दाबावेत. कडेला ब्लॉकच्या एकतृतीयांशाहून लहान तुकडे टाळावेत, कारण ते लवकर निखळतात. कडेवरून फिरविलेला सिमेंटचा पातळ गिलावा हा कडाबंधनाचा पर्याय नव्हे. तो चाकाखाली तडकतो.

निष्कर्ष : खर्च कमी करताना कडेचे काम प्रथम वगळले जाते. परंतु मार्गाचे आयुष्य ब्लॉकच्या मजबुतीइतकेच त्यांना एकत्र धरून ठेवणाऱ्या कडेवर अवलंबून असते. म्हणूनच अंदाजपत्रकात कडाबंधनाची स्वतंत्र नोंद असणे अगत्याचे ठरते.