राष्ट्रपती निवडतं कोण?

बालमित्रांनो, राष्ट्रपतिपदासाठी तुमच्या आईबाबांनी कधी मत दिलंय का? घरी विचारून पाहा बरं! ते स्वतः आमदार किंवा खासदार नसतील, तर उत्तर 'नाही' असंच येईल.

कारण आपले राष्ट्रपती निवडतात ते आपण निवडून दिलेले आमदार आणि संसदेचे निवडून आलेले सदस्य. विधान परिषदेच्या सदस्यांना आणि नामनियुक्त खासदारांना हे मत नसतं. हिला म्हणतात अप्रत्यक्ष निवडणूक.

आता गंमत ऐका. इथे प्रत्येक आमदाराच्या मताची किंमत सारखी नसते! वही-पेन्सिल घ्या. राज्याच्या १९७१ च्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने भागा आणि उत्तराला पुन्हा १००० ने भागा. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा ५,०४,१२,२३५ होती आणि आमदार आहेत २८८. आलं ना उत्तर १७५? उत्तर प्रदेशात ते २०८ येतं, गोव्यात २० आणि सिक्कीममध्ये फक्त ७. लहान राज्य, कमी माणसं, म्हणून कमी किंमत.

पण १९७१ च का? कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये म्हणून. पण त्यानंतर ज्या राज्यांत माणसं फार वाढली, त्यांचं म्हणणं, 'आमची आजची माणसं मोजलीच नाहीत की!' शिवाय मतदान गुप्त असतं. आपल्या आमदाराने कुणाला मत दिलं, ते आपल्याला कळत नाही.

मग ही लोकशाही कशी? हे बघा, आपल्याकडे खरा कारभार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ करतं आणि ते लोकसभेला जबाबदार असतं. राष्ट्रपतींनाही साऱ्या देशाने थेट निवडलं, तर तेही म्हणतील, 'मलाही जनतेनंच निवडलंय!' एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार?

अमेरिकेत मात्र खरी सत्ता राष्ट्राध्यक्षांच्याच हाती असते, तरी निवड होते ती राज्याराज्यांतल्या निर्वाचकांच्या मतांवर. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून जास्त मतं अधिक मिळाली, तरी निवडून आले डोनाल्ड ट्रम्प! तिथे हा प्रश्न जास्त बोचतो.

मला वाटतं, अप्रत्यक्ष म्हणजे लोकशाहीविरोधी नव्हे. पण ही साखळी सुरू होते आपल्या मतापासून. पहिली कडीच कच्ची असेल, तर पुढच्या कड्या काय टिकणार? अठराव्या वर्षी आमदार निवडाल, तेव्हा तुम्ही राष्ट्रपतींचा मतदारही निवडत असाल.

तुम्हाला काय वाटतं? वर्गात दोन गट करा आणि वाद घाला. भांडू मात्र नका हं!