अकॅलेशिया: छेद किती द्यायचा?

अन्ननलिका जठराला मिळते त्या जागी स्नायूंचे एक कडे असते. एरवी ते आवळलेले राहून जठरातले आम्ल वर येऊ देत नाही आणि घास गिळताच सैल होऊन त्याला वाट देते. कडे सैल करणाऱ्या, अन्ननलिकेच्या भिंतीतल्या चेतापेशी नष्ट झाल्या की ते आवळलेलेच राहते आणि अन्न खाली ढकलणारी आकुंचनाची लाटही विस्कटते; हाच अकॅलेशिया.

वर्षाला लाखात साधारण एकाला होणारा हा आजार विरळा असल्यामुळे, छातीतली जळजळ आणि वर येणारे अन्न पाहून त्याला ‘पित्त’ ठरवले जाते व गोळ्यांवर वर्षे निघून जातात. वास्तविक घन अन्नाबरोबर पाणीही अडकू लागले की संशय यायला हवा. कर्करोगाची गाठही अशीच लक्षणे दाखवत असल्याने दुर्बिणीची तपासणी टाळता येत नाही. बेरियम पाजून घेतलेल्या क्ष-किरण चित्रात फुगलेली अन्ननलिका खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती होताना दिसते. मात्र निर्णायक ठरते ती मॅनोमेट्री, म्हणजे नाकातून बारीक नळी घालून गिळतानाचा दाब जागोजागी मोजणे. तिच्यावरून आजाराचे तीन प्रकार पडतात आणि उपचारही बऱ्याच अंशी त्यावरच ठरतो.

मेलेल्या चेतापेशी परत आणता येत नाहीत, त्यामुळे प्रत्येक उपचार म्हणजे केवळ अडथळा मोडणे. इंग्लंडमध्ये थॉमस विलिस यांनी 1674 मध्ये नोंदवलेला रुग्ण टोकाला स्पंज बांधलेल्या देवमाशाच्या हाडाने घास खाली लोटत असे. आज फुग्याने कडे ताणतात, तोही त्याच जातीचा उपाय. जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी 1913 मध्ये आतले अस्तर शाबूत ठेवून कड्याचा स्नायू पुढून व मागून चिरला. पुढे एकच छेद पुरतो हे ध्यानात आले आणि आता ही शस्त्रक्रिया पोटावरच्या लहान छिद्रांतून होते.

चिरलेले कडे आम्लालाही अडवत नाही, ही खरी अडचण. म्हणून जठराचा वरचा भाग छेदावर अर्धवट गुंडाळून शिवतात. पूर्ण वेढा दिला तर ढकलण्याचे बळ गमावलेल्या अन्ननलिकेतून अन्न पुन्हा उतरेनासे होते. जपानचे हारुहिरो इनोउए यांनी 2008 मध्ये तोंडातून दुर्बीण घालून, अस्तराखाली बोगदा करून आतूनच स्नायू चिरण्याची ‘पोएम’ पद्धत माणसावर वापरली. तीत पोटावर छेद नाही, पण आम्लाला अडवणारी घडीही नाही. दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांनंतर गिळण्यातील यश जवळपास सारखे, सुमारे 83 आणि 82 टक्के होते. आम्लामुळे अन्ननलिकेला आलेली सूज मात्र पोएमनंतर 44 टक्के, तर हेलर पद्धतीनंतर 29 टक्के रुग्णांत आढळली. तरीही तिसऱ्या प्रकारात, जिथे कड्याच्या वरचा भागही पेटके आल्यासारखा आवळतो, तिथे पोएमच सोयीची, कारण आतून दिलेला छेद मॅनोमेट्रीने दाखवलेल्या उंचीपर्यंत नेता येतो.