गुठळी विरघळवणारी गोळी का नाही?

हार्ट अटॅकमध्ये शिरेतून दिलेलं स्ट्रेप्टोकायनेज गुठळी विरघळवतं. मग तेच काम करणारी गोळी का नाही? ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल नवी गुठळी होऊ देत नाहीत. झालेली फोडणं हे त्यांचं काम नव्हे.

प्रयत्न मात्र झाले. 1960च्या दशकात इंग्लंडमध्ये फर्नली आणि चक्रवर्ती या संशोधकांनी धमनीविकाराच्या रुग्णांना मधुमेहाचं फेनफॉर्मिन आणि इथिलइस्ट्रेनॉल हे स्टेरॉईड एकत्र दिलं. कल्पना नामी होती: बाहेरून विकर (एन्झाइम) द्यायचं नाही, रक्ताची स्वतःची गुठळी विरघळवण्याची ताकद वाढवायची. चाचण्यांत ती वाढलेली दिसलीही. पण फेनफॉर्मिनमुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साचून रुग्ण दगावू लागले आणि 1970च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेसह अनेक देशांनी ते बाजारातून काढलं.

दुसरी वाट जपानी न्याहारीतून आली. आंबवलेल्या सोयाबीनचा चिकट, तार सुटणारा नाट्टो संशोधक हिरोयुकी सुमी यांनी पेट्री डिशमधल्या कृत्रिम गुठळीवर ठेवला, ती विरघळली. त्यातल्या विकराचं नाव नाट्टोकायनेज. आज त्याच्या कॅप्सूल ऑनलाइन सर्रास मिळतात, जाहिराती तर विचारूच नका! डिशमधली गुठळी आणि माणसाची धमनी यांत मात्र फार अंतर आहे. 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत 265 निरोगी व्यक्तींना सुमारे तीन वर्षं नाट्टोकायनेज किंवा नकली गोळी दिली गेली. मानेच्या धमनीची भिंत जाड होण्याच्या वेगात फरक पडला नाही. आधीच रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर अशी कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.