भिजलेला माल आणि जुनी जपानी गाडी

कापडाच्या धंद्यात पहिली शिकवण अशी की थान उघडले की आधी उलटी बाजू पाहायची. सुलटी बाजू दुकानदार दाखवतोच. पन्नाशी ओलांडेपर्यंत आम्ही हा नियम कापडाला लावला, पण एका मोटारीला लावायला विसरलो. आमच्या बिरादरीतील काही तरुण सध्या जुन्या जपानी गाड्यांच्या खरेदी-विक्रीत पैसा घालत आहेत, म्हणून तो किस्सा इथे सांगणे भाग आहे.

कोकणी मुसलमानांच्या घरांत जपानी गाडीचे वेड नवे नाही. कुवेत, दोहा, दुबईला गेलेल्या आपल्या लोकांनी टोयोटा आणि निस्सान तिकडे मनमुराद चालवल्या. सुट्टीवर येताना आणलेल्या अल्बममध्ये गाडीला टेकून काढलेला एक फोटो असायचाच. गाडी मात्र गावी आली नाही, कारण तिकडे स्टिअरिंग डाव्या बाजूला. आज त्या काळच्या वेगवान जपानी गाड्यांना जगभर सोन्याचा भाव आला आहे. टोयोटाने १९६७ ते १९७० या काळात ‘२००० जीटी’ नावाची गाडी फक्त ३५१ नग बनवली. २०१३ साली अमेरिकेतील लिलावात तिच्यातील एक गाडी दहा लाख डॉलरच्या वर गेली. निस्सानची स्कायलाइन जीटी-आर आणि टोयोटाची सुप्रा यांचेही तसेच. अमेरिकेत २५ वर्षांची झालेली परदेशी गाडी आणायला सवलत मिळते. त्यामुळे एखादे मॉडेल पंचविशीला आले की तिकडचे गिऱ्हाईक जपानच्या बाजारात उतरते आणि भाव चढतो. व्यापाऱ्याने हे गणित समजून घ्यावे. नुसत्या शौकाने भाव वाढत नाही, कायद्यानेही वाढतो.

आपल्याकडे कायदा उलट आहे. वापरलेली मोटार आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवे, आणि वर जबर जकात शुल्क. म्हणजे स्कायलाइनचा विचार सोडा. आपल्या बाजारात दुर्मिळ माल तोच, जो जपानी कंपन्यांच्या साहाय्याने इथेच बनला आणि बंद झाला. दुचाकीवाल्यांना हे आधी कळले. राजदूत ३५० आणि १९९६ साली बंद झालेली यामाहा आरएक्स १०० यांच्यामागे लोक वेडे आहेत. मोटारींत १९९८ साली आलेली मित्सुबिशी लॅन्सर, मारुतीची जिप्सी, आणि सर्वांत जास्त मागणी २००० ते २००३ च्या होंडा सिटी व्हीटेकला. पंधराशे सीसीचे इंजिन, १०६ अश्वशक्ती. इंजिन जोरात फिरू लागले की तेलाच्या दाबाने आतली एक पिन सरकते आणि व्हॉल्व्ह जास्त उघडतात, त्यामुळे गाडीला अचानक दुसरा दम येतो. ज्याने तो दम एकदा अनुभवला तो किंमत विचारत नाही, आणि तिथेच फसतो.

आम्ही व आमचा भाचा तसेच फसलो. २०२२ च्या सुरुवातीला एका मोठ्या शहरातील एका दलालाकडे चंदेरी व्हीटेक पाहिली. रंग आरशासारखा, आसने नवी. नंबर एमएच-०८, म्हणजे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्याचा. आम्ही खूश झालो. खरे तर त्याच नंबराने आम्हाला सावध करायला हवे होते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले, तेव्हा ही गाडी कुठे उभी होती, हा एक प्रश्न आम्ही विचारला नाही.

गाडी लोट्याला आणली. लोटे म्हणजे खेड आणि चिपळूणच्या मधली, महामार्गालगतची रासायनिक कारखान्यांची वसाहत. परशुराम घाट चढून वर आल्यावर पुराचे पाणी पोचत नाही, त्यामुळे त्या वर्षी चिपळूणच्या कितीतरी गाड्या ओढून वर आणलेल्या आम्ही पाहिल्या. टँकर दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेले आमचे मिस्त्री तेव्हापासून ओल्या गाड्यांचे जाणकार झाले. त्यांनी बोनेट उघडलेच नाही. चालकाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. टोकाजवळ मातकट रेघ होती.

“मामू, ही आंघोळ करून आलीय,” मिस्त्री भाच्याऐवजी आम्हाला म्हणाले.

गालिचा उचलला तर खाली लाल गाळ. आसनांचे बोल्ट गंजलेले. मागच्या आसनाखाली चिपळूणच्या पेट्रोल पंपाची विरघळत आलेली पावती. आमच्याच तालुक्याशेजारची गाडी भंगाराच्या भावात शहरात गेली, चकाकली, आणि आमच्याच गळ्यात पडली.

मग मिस्त्रींनी आम्हाला धडा दिला, तो वाचकांसाठी लिहितो. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या पट्टीवर फिरवावा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. जुन्या होंडात संगणकाचा डबा डॅशबोर्डच्या खाली पायांजवळ असतो, म्हणजे गुडघाभर पाणीही त्याला पुरते. वायरिंगची एखादी जोडणी सोडवून पाहावी. तांबे हिरवे पडले असेल तर ती गाडी आज चालेल आणि पावसात बंद पडेल. इंजिन व चासी नंबर आर.सी.शी जुळवावेत, कारण साध्या सिटीवर व्हीटेकची अक्षरे चिकटवणारे महाभागही आहेत. विम्याचे मागचे कागद मागावेत. जुलै २०२१ नंतर विमा एकाएकी थांबला असेल तर कारण विचारावे. मूळ रंग फिकट असला तरी नव्या रंगापेक्षा त्याला जास्त मोल द्यावे. आमच्या भाषेत, धुतलेल्या जुन्या कापडापेक्षा कोरे जुने कापड महाग.

दुरुस्तीला सात महिने लागले. सगळी आसने बाहेर, तेले बदलली, खालचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, त्यामुळे वेल्डिंगच्या जागी आतून गंजरोधक लावल्याशिवाय मिस्त्री पुढे सरकत नव्हते. टायमिंगचा पट्टाही बदलला. तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात.

गाडी उभी राहिली आणि आखातातून सुट्टीवर आलेला एक तरुण ती घ्यायला आला. भाचा हळूच म्हणाला, “मामू, आपल्याला कोणी सांगितलं होतं का?” खोटे कशाला बोला, क्षणभर आम्हालाही ते पटले. पण बाजारातील धान्याच्या ढिगाचा प्रसंग वाचकांना ठाऊक आहे. हजरत पैगंबर (सल्ल.) यांनी ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले, आणि फसवणारा आपल्यातला नाही असे फर्मावले. आमची ओल तर शब्दशः पुराची होती. मिस्त्रींनी काढलेले गाळाचे फोटो आम्ही त्या तरुणापुढे ठेवले. त्याने दोन दिवस मागून घेतले, परत आला, भाव पाडून गाडी घेतली. आमच्या रुपयाचे बारा आणे परत आले.

गाड्या विक्रीसाठीच घेऊन ठेवणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी. स्वतःच्या वापरातील मोटारीवर जकात नाही, पण धंद्याचा माल म्हणून उभी असलेल्या गाडीवर आहे, आणि ती खरेदीच्या नव्हे, वर्ष पुरे होईल त्या दिवशीच्या बाजारभावावर अडीच टक्के. भाव चढला की जकातही चढते. हिशेब लपवू नये. दुसरे, आर.टी.ओ.चा खर्च. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण लागते, वर पर्यावरण कर. वीस वर्षांवरील मोटारीला नूतनीकरणाचे शुल्क २०२५ पासून दहा हजार रुपये झाले आहे. ‘व्हिंटेज’ची वेगळी नोंदणी पन्नास वर्षे झालेल्या गाडीलाच मिळते, आपली व्हीटेक तिथवर पोचायला २०५० उजाडेल. आणि परवानगीशिवाय दुसरे इंजिन बसवू नये, गाडी हौसेची राहते, कागदाची राहत नाही.

सध्या मिस्त्रींच्या शेडमध्ये एक लॅन्सर आली आहे, नंबर पुन्हा एमएच-०८. भाचा रोज फोन करून विचारतो. सीटबेल्ट कोरा निघाला. गालिचा शनिवारी उचलणार आहेत.