मुलाखतींचं विश्लेषण सॉफ्टवेअर करून देतं का?



पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये गुणात्मक संशोधनाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : "एसपीएसएसमध्ये आकडे टाकले की टेबल निघतं, तशा एनव्हिवोमध्ये मुलाखती टाकल्या की थीम निघतात का?" थोडक्यात उत्तर : नाही. मग हे तंत्रज्ञान वापरायचं कशासाठी आणि कुठे थांबायचं? एका उदाहरणातून समजून घेऊया.

समजा, तुमचा विषय आहे 'ऊसतोड कामगार महिलांचं आरोग्य'. बीड जिल्ह्यातल्या २० महिलांच्या मुलाखती तुमच्या मोबाइलमध्ये रेकॉर्ड झाल्या आहेत. आता पुढे काय?

पहिली पायरी : ट्रान्सक्रिप्शन

एका तासाची मुलाखत ऐकून शब्दशः लिहायला साधारण चार ते सहा तास लागतात. त्यामुळे हे काम मशीनकडून करून घ्यावंसं वाटणं साहजिक आहे. ओपनएआयने २०२२ मध्ये आणलेलं व्हिस्पर हे मॉडेल मोफत आहे आणि मराठीही लिहून देतं. कच्चा मसुदा म्हणून ते जरूर वापरा, पण रेकॉर्डिंग ऐकत ऐकत प्रत्येक ओळ तपासा. बोलीतला शब्द कळला नाही की मशीन त्याच्यासारखा ऐकू येणारा दुसराच शब्द लिहून मोकळं होतं. शिवाय २०२४ मधल्या एका अभ्यासात व्हिस्परच्या सुमारे १ टक्का नोंदींमध्ये मुळात कोणी बोललेलंच नाही असा मजकूर आढळला होता. बोलण्यात लांब विराम असले की हा धोका वाढतो.

आता विचार करा. ऑपरेशनचा विषय निघाल्यावर एखादी ताई बराच वेळ गप्प बसते. ती शांतता हासुद्धा तुमचा डेटा आहे. मशीन ती गाळेल, नाहीतर भलतंच काही लिहून भरून काढेल. 'इथे त्या थांबल्या' ही नोंद तुम्हालाच करावी लागेल.

दुसरी पायरी : कोडिंग

एनव्हिवोचा पूर्वज असलेलं 'नुडिस्ट' हे सॉफ्टवेअर लिन आणि टॉम रिचर्ड्स या दांपत्याने १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार केलं. लिन समाजशास्त्रज्ञ होत्या. मुलाखतींच्या कागदांचा पसारा आवरता यावा, हा त्यामागचा हेतू. आजही या सॉफ्टवेअरचं खरं बळ तेच आहे : साठवणं, वर्गवारी करणं आणि हवा तो उतारा क्षणात शोधून देणं.

पण शोधायचं काय, हे तुम्हाला माहीत हवं. तुम्ही 'गर्भाशय' शोधाल, तर कदाचित एकही उतारा सापडणार नाही, कारण त्या 'पिशवी काढली' म्हणतात. 'कर्ज' शोधाल, तर 'उचल' सुटेल. 'कोयता' म्हणजे कधी हातातलं हत्यार, तर कधी ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. उचल आणि कर्ज एकाच कोडखाली टाकायचं का? उचल पैशांनी नाही, अंगमेहनतीने फेडायची असते. मग आजारपणात पडलेला 'खाडा' थेट त्या हिशेबात जातो. हा संबंध तुमच्या लक्षात येणं, म्हणजेच विश्लेषण. तो दिसला की लगेच सॉफ्टवेअरमध्ये मेमो लिहून ठेवा.

तिसरी पायरी : गोपनीयता

ही पायरी बरेच जण विसरतात. मुलाखतीत मुकादमाचं नाव आलेलं असतं. पुढच्या हंगामाची उचल त्या ताईंना त्याच मुकादमाकडून घ्यायची आहे. असं रेकॉर्डिंग एखाद्या मोफत वेबसाइटवर किंवा चॅटबॉटमध्ये टाकलं, की ते तुमच्या ताब्यात राहत नाही. व्हिस्पर स्वतःच्या कॉम्प्युटरवर इंटरनेटशिवाय चालवता येतं, तसंच चालवा. फाइलला नावाऐवजी 'मु-०७' असा क्रमांक द्या, नावांची यादी वेगळी ठेवा. मुलाखतीच्या आधी संमती घेतानाच रेकॉर्डिंगचं काय होणार, हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगा.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?

एनव्हिवो, अ‍ॅटलास डॉट टीआय महाग आहेत. विद्यापीठाचं लायसन्स आहे का, ते आधी ग्रंथालयात विचारा. टॅगेट आणि क्वालकोडर मोफत आहेत. आधी एकच देवनागरी फाइल टाकून शोध नीट चालतो का, ते पाहा. मुलाखती दहा-बारा असतील तर एक्सेलसुद्धा पुरतं. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये ग्राउंडेड थिअरी मांडली, तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

प्रबंधात काय लिहायचं?

'विश्लेषणासाठी एनव्हिवोचा वापर केला' एवढं एक वाक्य पुरत नाही. ट्रान्सक्रिप्ट कसे तपासले, सुरुवातीला किती कोड होते, कोणते एकत्र केले आणि का, हे लिहा. व्हायवामध्ये "ही थीम कुठून आली?" असं विचारलं, तर तुम्हाला त्या ताईंच्या मूळ वाक्यापर्यंत जाता आलं पाहिजे. सॉफ्टवेअर ते वाक्य पटकन काढून देईल, पण त्याचा अर्थ तुम्हालाच सांगायचा आहे.

सुरुवात म्हणून आज एवढंच करा : कोणाचंही नाव नसलेलं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग घ्या, एकदा स्वतः लिहा, एकदा मशीनकडून लिहून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून फरक लाल पेनाने खुणा करून पाहा. मशीनवर कुठे आणि किती विसंबायचं, हे त्या लाल खुणाच सांगतील.