श्रीलंकेतील रेल्वे

श्रीलंकेतील रेल्वे : श्रीलंका (१९७२ पर्यंत सिलोन) या बेटावरील शासकीय लोहमार्ग वाहतूकव्यवस्था. लोहमार्गांची एकूण लांबी सु. १,५०० किमी. असून ते सर्व भारतातल्याप्रमाणेच १·६७६ मी. रुंदीचे म्हणजे रुंदमापी आहेत. कोलंबो हे जाळ्याचे केंद्र आहे. मळ्यांतील माल कोलंबो बंदरापर्यंत आणणे हा लोहमार्ग घालण्यामागील मूळ हेतू होता व त्याची छाप जाळ्याच्या आकारावर आजही स्पष्ट दिसते. पूर्व किनाऱ्यावरील बट्टिकलोआहून उत्तरेच्या जाफन्यास रेल्वेने जावयाचे, तर प्रथम पश्चिमेस माहोपर्यंत यावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कँडीभोवतालच्या डोंगराळ भागात कॉफीची लागवड झपाट्याने वाढली. बैलगाड्यांनी कॉफी कोलंबोस आणण्यास कित्येक दिवस लागत व खर्चही फार येई. मळेवाल्यांच्या आग्रहावरून १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये सिलोन रेल्वे कंपनी स्थापन झाली. कामाचा प्रारंभ १८५८ मध्ये गव्हर्नर सर हेन्री वॉर्ड यांच्या हस्ते झाला. परंतु खर्चाचा अंदाज साफ चुकल्याने कंपनीशी झालेला करार लवकरच रद्द करावा लागला आणि शासनाने काम स्वतःकडे घेतले. गिलफर्ड मोल्सवर्थ यांच्या देखरेखीखाली विल्यम फ्रेडरिक फॅव्हिएल या कंत्राटदाराने ते पुरे केले. मुंबई–ठाणे लोहमार्गाचे व बोरघाटातील आरंभीच्या कामाचे कंत्राटही याच गृहस्थाकडे होते. कोलंबो–अंबेपुस्स या टप्प्यावर १८६४ च्या अखेरीस पहिली गाडी धावली व १८६७ मध्ये मार्ग कँडीस पोहोचला. रंबुक्कन ते कडुगन्नावा या घाटातील चढ ४५ मीटरांस १ मी. इतका तीव्र आहे.

कँडीपर्यंत लोहमार्ग आला आणि दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, कॉफीच्या पानांवर तांबेरा रोग आढळला. पुढील दोन दशकांत कॉफीचे मळे नष्ट झाले. रेल्वेला मात्र चहाने तारले. चहाच्या मळ्यांमागोमाग मार्ग अधिक उंचावर चढत गेला : नानू ओया (१८८५), बंडारवेला (१८९४) आणि अखेरीस बदुल्ला (१९२४). पट्टिपोला स्थानकाजवळ तो सु. १,८९८ मी. उंची गाठतो. देमोदर येथे उतार सुसह्य करण्यासाठी मार्ग टेकडीला वळसा घालून त्याच स्थानकाच्या खालील बोगद्यातून बाहेर पडतो. किनाऱ्यालगतचा मार्ग १८९५ मध्ये मातर येथे, तर उत्तरेचा मार्ग १९०५ मध्ये कांकेसंतुरै येथे पोहोचला. केलनी खोऱ्यातील मार्ग मूळचा अरुंदमापी होता. १९९० नंतरच्या दशकात त्याचे अविस्सावेलापर्यंत रुंदीकरण झाले; त्यापलीकडील भाग त्यापूर्वीच बंद करण्यात आला होता.

मळ्यांवर राबणारे मजूर बहुतांशी दक्षिण भारतातील तमिळ होते. मन्नारच्या बाजूने बेटावर उतरून ते रानावनातून पायी डोंगराकडे जात आणि त्यांतील अनेक वाटेतच दगावत. १९१४ मध्ये तलैमन्नार येथपर्यंत लोहमार्ग व तेथून धनुष्कोडीपर्यंत बोटसेवा सुरू झाली. मद्रास–कोलंबो ‘बोट मेल’ची ही जोडणी मात्र केवळ उतारूंपुरती होती : भारताच्या बाजूचा मार्ग मीटरमापी, तर सिलोनचा रुंदमापी असल्याने डबे पलीकडे नेणे शक्य नव्हते. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले. त्यानंतर रामेश्वरमहून चालणारी बोटसेवाही १९८०–९० या दशकातील अशांततेत बंद पडली. रामेश्वरमचा मार्ग २००७ मध्ये रुंदमापी झाला. दोन्ही तीरांवरील मापे जुळली ती अशी, बोट बंद झाल्यानंतर.

स्वातंत्र्यानंतर (१९४८) बी. डी. रामपाला यांच्या प्रयत्नांनी वाफेच्या एंजिनांची जागा डीझेल एंजिनांनी घेतली. कोलंबो योजनेखाली कॅनडाकडून मिळालेल्या एंजिनांना तेथील प्रांतांची नावे देण्यात आली. त्यांपैकी ‘मॅनिटोबा’ हे एंजिन २६ डिसेंबर २००४ रोजी पेरलिय येथे त्सुनामीच्या लाटेत सापडलेल्या गाडीस जोडलेले होते. या दुर्घटनेत हजाराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. रेल्वेच्या इतिहासातील सर्वाधिक प्राणहानीच्या दुर्घटनांत तिची गणना होते. किनारी मार्ग दोन महिन्यांत पूर्ववत झाला. एंजिनही दुरुस्त करून पुन्हा वापरात आणले गेले.

यादवी युद्धाचा आघात याहून दीर्घकाळ टिकला. कोलंबो व जाफना यांना जोडणारी ‘याळ देवी’ (१९५६) ही गाडी सिंहली व तमिळ प्रदेशांतील नित्याचा दुवा होती. १९८५ मध्ये तिच्यावर स्फोटाने हल्ला झाला व १९९० मध्ये जाफन्याची वाहतूक थांबली. वव्हुनियाच्या उत्तरेस रूळ व शिळा उपटून खंदक आणि तटबंदीसाठी वापरण्यात आल्या. मार्गावर झाडी माजली. युद्ध २००९ मध्ये संपल्यावर भारताच्या कर्जसाहाय्याने इर्कॉन या भारतीय कंपनीने तो नव्याने बांधला. जाफन्यास ऑक्टोबर २०१४ मध्ये, तर कांकेसंतुरै व तलैमन्नार येथे २०१५ मध्ये गाड्या पुन्हा पोहोचल्या.

ब्रिटिश अमदानीनंतर बांधलेला पहिला महत्त्वाचा नवा मार्ग म्हणजे मातर–बेलिअत्त (सु. २७ किमी.). तो चीनच्या साहाय्याने २०१९ मध्ये पूर्ण झाला. विद्युतीकरणाच्या योजना अनेकदा आखल्या गेल्या, पण प्रत्यक्षात आल्या नाहीत. कोलंबोच्या परिसराबाहेर बहुतेक मार्ग एकेरी आहेत. मालवाहतूक जवळजवळ सर्वस्वी रस्त्यांकडे गेली असून इंधन, सिमेंट यांसारखा थोडा माल रेल्वेकडे उरला आहे. कमी भाड्यात मोठ्या संख्येने उपनगरी उतारू नेणारी ही व्यवस्था तोट्यात चालते. ज्या डोंगरी मार्गाने एके काळी चहा उतरत असे, त्यावर आता पर्यटकांची गर्दी असते; नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या दित्वा चक्रीवादळात दरडी कोसळून त्याची मोठी हानी झाली. बट्टिकलोआ व त्रिंकोमाली यांकडील मार्ग जंगलांतून जातात. तेथे गाड्यांखाली हत्ती सापडण्याचे प्रकार वारंवार घडतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये हबरणनजीक एकाच अपघातात सहा हत्ती मारले गेले.